नवनाथची रायफल अडकली नव्हती

नव्या रायफली आमच्या पोस्टवर खेचरांच्या पाठीवरून आल्या. पोस्ट जम्मूकडच्या डोंगरात, देवदाराच्या जंगलाच्या वर होती. गाडीरस्ता खाली कंपनीपर्यंतच, पुढं पायवाट. डिसेंबर लागला होता. सकाळी पाण्याच्या कॅनवर बर्फाची साय धरायची आणि चहा हातात असतानाच गार व्हायचा.

मी त्या वेळी सिपाही होतो. नाव सतीश कदम, गाव बेंबळी, जिल्हा धाराशिव. आता धाराशिवच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्गातली मुलं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान आहेत, ती मला फौजी काका म्हणतात. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून मी पहिल्या बाकावर डाव्या भिंतीला बसतो. लिहिण्याची सवय नाही. पण मागच्या महिन्यात कँटीनमध्ये एका मुलानं विचारलं, "काका, वाशीकडचा तो जवान रायफल अडकल्यामुळं गेला ना?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "मोबाईलवर तर तसंच आहे." मोबाईलवर आहे ते खोटं आहे. मी तिथं होतो. म्हणून लिहितोय.

तो जवान म्हणजे लान्स नायक नवनाथ उंद्रे. गाव वाशी तालुक्यातली एक वाडी. फौजेत प्रत्येकाचा एक बडी असतो. बडी म्हणजे जोडीदार. पहारा, गस्त, जेवण, आजारपण सगळं त्याच्याबरोबर. नवनाथ माझा बडी होता. सेक्शनमध्ये, म्हणजे आमच्या छोट्या तुकडीत, आम्ही दोघंच आपल्या जिल्ह्याचे, पण तो मला कधी नावानं हाक मारायचा नाही. "ए बेंबळी," म्हणायचा. त्याच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. गिरणीच्या नुसत्या आवाजावरून ज्वारी दळतायत की गहू, हे आपल्याला बाहेर रस्त्यावर कळतं, असं तो सांगायचा. आम्ही मान्य करायचो, कारण तपासायला तिथं गिरणी नव्हती.

आमचे सेक्शन कमांडर हवालदार मोहिते. साताऱ्याकडचे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. त्यांचा एक नियम होता. नव्या हत्याराची पहिली सफाई मालकानं करायची नाही. ती त्याच्या बडीनं करायची.

"स्वतःच्या लेकराचा शेंबूड माणसाला दिसत नाही," उस्ताद म्हणाले. "उंद्रेची कदम खोलेल, कदमची उंद्रे खोलेल. मालकानं समोर बसायचं, डोळे उघडे ठेवून."

हा नियम कुठल्या पुस्तकात नाही. त्यांच्या उस्तादांनी त्यांना लावला होता, त्यांनी आम्हाला लावला.

आम्ही बंकरच्या बाहेर उन्हात करडी कांबळी अंथरली. रायफली तपकिरी कागदात गुंडाळलेल्या होत्या. कागद सोडला की सगळीकडं ग्रीस. कारखान्यातून निघताना गंज लागू नये म्हणून थापतात ते. नळीत, बोल्टच्या खाचेत, स्क्रूच्या डोक्यात, सगळीकडं. आधी मॅगझिन काढायचं. चेंबर बघायचं, नवी असली तरी बघायचं. मग पिना सरकवून वरचा भाग खालच्यापासून सोडवायचा, बोल्ट बाहेर काढायचा, त्यातली फायरिंग पिन काढायची. गोळीच्या बुडावर आपटते ती हीच पिन. एकेक पुर्जा कांबळ्यावर डावीकडून उजवीकडं मांडायचा आणि जोडताना उजवीकडून डावीकडं उचलायचा. आम्ही रॉकेलच्या डब्यात पुर्जे बुडवले आणि चिंदीनं पुसायला लागलो. फौजेत सफाईच्या कापडाच्या तुकड्याला चिंदीच म्हणतात.

पुसून झाल्यावर मी तेलाची बाटली घेतली. आमच्या मळ्यात डिझेलचं इंजिन होतं. यंत्राला वंगणाची कंजुषी करायची नाही, हे मला घरातूनच शिकवलेलं. मी बोल्टला दोन्ही बाजूंनी चांगलं तेल चोळलं.

नवनाथ समोर माझ्या रायफलीची नळी पुसत होता. त्यानं मान वर केली.

"ए बेंबळी, काय करायलास?"

"तेल द्यायलोय."

"खांदेमळणी करायलास व्हय? उद्या पोळा हाय का? रायफल हाय ती, बैल न्हाय."

"कोरडी ठिवली तर आवळंल."

"आमच्या गिरणीवर ये एकदा. तेल जास्ती झालं की त्याच्यावर पीठ बसतंय, पिठाचा लगदा व्हतोय, मग पट्टा तुटतोय. आन हितं तर थंडीनं तेलाचं तूप व्हायलंय. पूस समदं."

"सफाई माझ्याकडं हाय. तू गप बस."

"रायफल माझ्याकडं हाय."

"उंद्रे," उस्ताद म्हणाले, "तोंड बंद, हात चालू."

मग उस्तादांनी स्वतः माझ्याकडचा बोल्ट उचलला, त्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्या कोटाला पुसलं. "कदम, काढ हे. ह्या थंडीत तेल काजळाएवढं लावायचं. डोळ्यात घालतात तेवढं."

सगळे हसले. नवनाथ सर्वांत जास्त. मी बोल्ट परत खोलला. पिनचं भोक काडीला चिंदी गुंडाळून साफ केलं. चिंदी काळी येत होती, मग तपकिरी, मग पिवळी. नवनाथनं हात पुढं केला. "दाव." मी दाखवली. "अजून." मी आणखी पुसलं. शेवटची चिंदी पांढरी निघाली, ती त्यानं उन्हाकडं धरून बघितली, मग रायफल माझ्याकडून घेतली आणि जोडली. थँक्यू वगैरे नाही. "बैल वाचला," एवढंच म्हणाला.

दोन दिवसांनी नाल्यात झिरोइंग झालं. झिरोइंग म्हणजे नेम जुळवणं. त्याची रायफल एकदाही अडकली नाही. हे मी उगाच लिहीत नाही. पुढं लागणार आहे.

त्यानंतर रोजचं चालू झालं. पहाटे स्टँड टू, म्हणजे उजाडायच्या आधी हत्यार घेऊन मोर्चात सज्ज राहणं, मग सफाई, मग गस्त, लाकडं, पाणी. रोजची सफाई ज्याची त्यानं करायची. नवनाथ रायफल खोलून बसला की शिट्टी वाजवायचा आणि उस्ताद त्याला रोज गप करायचे. आम्हाला भाकरीची आठवण आली की तो कणकेचीच भाकरी थापायचा. ती भाकरी नव्हती आणि पोळीही नव्हती. आम्ही खायचो.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी आम्ही डोंगराच्या धारेवरून खाली उतरत होतो. अकराचा सुमार असेल. त्या भागात बकरवाल लोकांची दगडमातीची घरं असतात, त्यांना ढोक म्हणतात. उन्हाळ्यात तिथं माणसं आणि बकऱ्या असतात, थंडीत ती रिकामी पडतात. एक ढोक आमच्या वाटेवर होता. मी सर्वांत पुढं. माझ्या मागं नवनाथ. त्याच्या मागं वाट वळत होती आणि उस्ताद व बाकीचे वळणाच्या पलीकडं होते. आमचं काय चाललंय हे त्यांना त्या घटकेला दिसत नव्हतं.

वाटेत बर्फ साचलं होतं. माझा डावा पाय त्यातून आत गेला आणि गुडघ्यापर्यंत दोन दगडांत अडकला. मी वाकून तो ओढत होतो, तेवढ्यात ढोकाच्या भिंतीतून फायर आला.

पहिली फैर माझ्या डावीकडच्या दगडावर बसली. दगडाच्या कपच्या कानावर, गालावर आल्या आणि डावीकडचा आवाज बंद झाला. उजव्या कानानं मला नवनाथ ऐकू आला.

"बेंबळी, खाली. खाली बस."

मला बसता येत नव्हतं. पाय पिळवटला होता. मी कमरेत वाकलो, पण पाठीवरचा पिठ्ठू आणि खांदे वरच राहिले. मी मागं बघितलं. नवनाथ एका मोठ्या दगडाच्या आड होता. दगड माणसापेक्षा उंच. रायफल खांद्याला होती आणि तो दगडाच्या कडेनं माझ्यावरून ढोकाकडं बघत होता. म्हणजे त्याला माझी पाठ दिसत होती आणि माझ्या पलीकडं ढोक. तिथून गोळी मारली असती तर ती माझ्यातून गेली असती.

तो पुन्हा ओरडला, "खाली बस की." मी बसू शकलो नाही.

मग त्यानं दगड सोडला. तो उजवीकडं उघड्यावर आला, जिथून मी मध्ये येणार नाही अशा जागेला. गुडघा टेकत होता. रायफल खांद्यावरून हलली नव्हती. ढोकातली नळी माझ्यावरून त्याच्याकडं वळली आणि दुसरी फैर त्याला लागली.

तेवढ्या वेळात माझा पाय निघाला आणि मी आडवा झालो. वळणावरून उस्ताद आणि एलएमजीवाला, म्हणजे मशीनगनवाला, आले. पुढचं पाच मिनिटांत संपलं. ढोकात एकच माणूस होता. तो तिथंच मारला गेला.

मी सरपटत नवनाथकडं गेलो. त्याचे डोळे उघडे होते. मी त्याला हाक मारली. त्यानं ओठ हलवले, पण मी डावा कान त्याच्या तोंडाशी नेला होता. हे लक्षात येऊन उजवा नेला तोपर्यंत तो गेला होता. तो काय म्हणाला ते मला माहीत नाही. काही म्हणाला की नाही, तेही माहीत नाही.

रेडिओवर उस्ताद खाली कंपनीशी बोलत होते.

"थ्री फॉर चार्ली. एक अपना सीरियस, एक जखमी. ओव्हर."

"चार्ली फॉर थ्री. हेली नहीं उतरेगा. स्ट्रेचर पार्टी चल पड़ी है. ओव्हर."

नवनाथची रायफल त्याच्या अंगाखाली चिखलबर्फात पडली होती. उस्तादांनी ती उचलली. मॅगझिन काढून बघितलं, ते जवळजवळ भरलेलं. गोळी चढवायचं कॉकिंग हँडल ओढलं. ते हललं नाही. त्यांनी बुटाचा जोर लावला, तरी हललं नाही. मग ते रेडिओवर म्हणाले, "नई रायफल अटक गयी थी, साब. उंद्रे का फायर ही नहीं हुआ."

स्ट्रेचर खाली पोचेपर्यंत ही गोष्ट आमच्या पुढं निघून गेली होती. संध्याकाळी ती टीव्हीवर होती. नव्या रायफलीनं दगा दिला.

मी हॉस्पिटलात दहा दिवस होतो. तिथून बटालियनला आलो, कानावर पट्टी होती. कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली होती, म्हणजे चौकशी. बयान, म्हणजे जबाब, द्यायच्या आदल्या दुपारी आमच्या कंपनीच्या सुभेदार साहेबांनी मला बोलावलं. चहा दिला. ते आमच्यातलेच, मराठी बोलणारे, बावीस-तेवीस वर्षांची नोकरी.

"कदम, उद्या साहेब विचारतील," ते म्हणाले. "रायफल अडकली म्हण."

"का, साहेब?"

"नाही अडकली म्हणालास तर पुढचा प्रश्न येणार. रायफल चालू होती, मॅगझिन भरलेलं होतं, दुश्मन समोर होता. मग मारली का नाही? त्याला उत्तर द्यायला उंद्रे नाही."

"मी देतो."

"तू त्याचा बडी. पहिली सफाई तुझ्या हातची. रायफल ठीक होती असं तू म्हणणारच. तुझं कोण ऐकेल?" त्यांनी कप खाली ठेवला. "पोरा, मी तुझ्या वाईटावर नाही. कारखान्याचा दोष म्हणून लिहितील. तुझ्यावर काही येणार नाही आणि त्याच्यावरही. लोखंडाला अब्रू नसते. माणसाला असते."

सुभेदार साहेब वाईट नव्हते. त्यांनी अशी चौकशी आधी बघितली होती. मेलेल्या माणसाबद्दल "घाबरला असेल" हे दोन शब्द एकदा बोलले गेले की ते त्याच्या घरापर्यंत जातात, हे त्यांना माहीत होतं.

मलाही एक भीती होती. ती मी त्यांना सांगितली नाही. बोल्टला तेल मीच चोळलं होतं. पुसलंही मीच होतं. आता इतके दिवस झाल्यावर मला वाटायला लागलं की पिनच्या भोकात थोडं राहिलं असेल का. झिरोइंगला ती अडकली नव्हती, पण नंतर वाढलेल्या थंडीनं ते गोठलं असेल का. नवनाथ ट्रिगर दाबत होता आणि माझ्या हातच्या तेलानं पिन अडवली, असं तर झालं नसेल ना. त्यानं दगड सोडला हे मी बघितलं होतं. पण आधी दगडाआडून त्यानं ट्रिगर दाबला होता की नाही, हे मला कसं दिसणार? मला ते बघायचं होतं. काय निघेल ते निघो, पण न बघता त्याच्या नावानं मी काही बोलणार नव्हतो. चांगलं नाही आणि वाईट तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी खोलीत मेजर साहेब आणि दोन अधिकारी होते. सुभेदार साहेब मागं उभे होते. मी सॅल्यूट केला. बोलणं हिंदीत झालं, मी मराठीत लिहितो.

"कदम, काय झालं ते सांग."

"साहेब, आधी रायफल खोलावी अशी विनंती आहे. माझ्यासमोर."

"रायफलीची तपासणी वेगळी होईल. एक्स्पर्ट करतील. तू बयान दे."

"रायफल खोलल्याशिवाय बयान देणार नाही, साहेब."

सुभेदार साहेबांचे बूट मागं हललेले मला ऐकू आले. मेजर साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"हा हुकूम आहे, हे तुला समजतंय ना?"

"समजतंय, साहेब. शिक्षा घेतो. बयान रायफल खोलल्यावर."

मी मोठा धीट माणूस नाही. शाळेत उभं राहून कविता म्हणायची झाली तर मी पहिल्या ओळीलाच थांबायचो. पण त्या दिवशी ते शब्द बाहेर आले आणि मी ते परत घेतले नाहीत.

मेजर साहेबांनी समोरचा कागद बघितला. मग विचारलं, "दोष निघाला तर? पहिली सफाई तू केली होतीस, असं इथं लिहिलंय."

"तर तेच लिहा, साहेब. माझं नाव घालून."

त्यांनी आर्मररला बोलावलं. आर्मरर म्हणजे हत्यारांचा मिस्त्री. रायफलीच्या चेंबरमध्ये गोळी तशीच होती आणि हँडल हलत नव्हतं, म्हणून ती क्वार्टर गार्डच्या, म्हणजे पहाऱ्याच्या चौकीच्या, मागं वाळूच्या पोत्यांत नळी खुपसून, कुलपात ठेवली होती. आम्ही सगळे तिथं गेलो. उस्तादांनाही बोलावलं होतं. ते माझ्याकडं बघत नव्हते.

आर्मररनं आधी हँडलच्या खाचेत बघितलं. खाच सुकलेल्या चिखलानं भरली होती, त्यात देवदाराची सुई अडकलेली. त्यानं ते लाकडी काडीनं खरवडून काढलं. मग हँडल ओढलं. ते सरळ मागं आलं. गोळी निसटून त्याच्या तळहातावर पडली.

त्यानं ती मेजर साहेबांना दिली. गोळीच्या बुडाला मध्यभागी एक टोपी असते. पिन तिच्यावर आपटली की तिथं खळगा पडतो. गोळी उडो न उडो, आपटली की खूण राहतेच. ह्या टोपीवर काही नव्हतं. नव्या पैशासारखी चकचकीत होती.

"सेफ्टी?" मेजर साहेबांनी विचारलं.

"उघडी, साहेब. हॅमर चढलेला. ट्रिगर दाबलेलाच नाही."

मग त्यानं कांबळ्यावर बोल्ट खोलला. पिन काढली. काडीला पांढरी चिंदी गुंडाळून भोकात फिरवली आणि बाहेर काढली.

"साफ," आर्मरर म्हणाला. "चिखल बाहेरचा आहे, पडल्यावर लागलेला. आत काही नाही."

नवनाथनं त्या सकाळीही ती रायफल खोलून पुसली होती. शिट्टी वाजवत.

मेजर साहेब माझ्याकडं वळले. "म्हणजे रायफल चालू होती आणि त्यानं मारली नाही. आता तूच सांग, का?"

मी सांगितलं. माझा पाय, माझी पाठ, त्याचं दोनदा ओरडणं. तो दगडाआडून बाहेर आला ते.

"हे तू सांगतोस. दुसऱ्या कोणी बघितलं?"

"कोणी नाही, साहेब. पण तो पडला कुठं, ते उस्तादांनी बघितलं."

मेजर साहेबांनी उस्तादांना विचारलं. उस्ताद सावधानमध्ये उभे होते. त्यांनी एकदा डोळे मिटले, जागा आठवायला असेल.

"दगडाच्या उजवीकडं, साहेब. उघड्यावर. पुढं कसलाच आडोसा नव्हता. तोंड ढोकाकडं."

"दगडाआड राहता आलं असतं?"

"दोन माणसं राहिली असती, साहेब."

मग उस्ताद स्वतःहून बोलले. "साहेब, रायफल अडकली हे रेडिओवर मी बोललो. ते मी मागं घेतो. भित्रा माणूस आडोसा सोडून पुढं येत नाही. लिहून घ्या."

ते लिहून घेतलं. मीही मग बयान दिलं. शिक्षा झाली नाही. बाहेर आल्यावर सुभेदार साहेबांनी मला हाक मारली, माझा खांदा दाबला आणि ते गेले.

पुढच्या वर्षी कानामुळं मेडिकल बोर्डानं मला घरी पाठवलं. चौकशीत काय ठरलं हे टीव्हीवर कोणी सांगितलं नाही. दगा दिलेली रायफल ही बातमी होती. ठीक असलेली रायफल ही बातमी होत नाही.

गावाकडं आल्यावर मी पहिल्यांदा नवनाथच्या वाडीला गेलो तो त्याच्या स्मृतिदिनाला. येरमाळ्याला एसटी बदलली. शाळेच्या पटांगणात मांडव होता. झेंड्याच्या खांबाशेजारी काळा फलक लावला होता, त्यावर पांढऱ्या अक्षरात त्याचं नाव आणि हुद्दा. खाली एक ओळ: सदोष रायफलीमुळे शत्रूशी लढताना वीरमरण. त्याचे वडील, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, स्टेजवर खुर्चीच्या टोकाला बसले होते. कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि त्यात ते अवघडलेले होते.

एक पुढारी भाषण करत होते. रायफल चालली असती तर आज नवनाथ आपल्यात असता, असं ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माजी सैनिक म्हणून मला माइक दिला.

मी म्हणालो, "रायफल चांगली होती. अडकली नव्हती."

मांडवात गलका झाला. मागून एकजण ओरडला, "ओ फौजी, खाली बसा." दुसरा, माझ्याच वयाचा, पुढं आला. "आमच्या नवनाथला भित्रा म्हनायलास व्हय रं?"

"न्हाय. तेच सांगायलोय."

"मग मारली का न्हाय त्यानं?"

पुढाऱ्यांनी हसून माइककडं हात पुढं केला. "असू द्या, असू द्या. कार्यक्रम पुढं घेऊ." मी माइक सोडला नाही.

अण्णा उठले. "बोलू द्या त्याला," म्हणाले. ते माझ्याजवळ आले. माइकमध्ये बोलत नव्हते, पण मांडव गप्प झाला होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

"तू त्याचा बेंबळीचा दोस्त का?"

"व्हय, अण्णा."

"तू कुठं व्हतास?"

"त्याच्या म्होरं. पाय अडकला व्हता माझा. मी मधी व्हतो. तिथनं मारली असती तर मला लागली असती."

"आन त्यो?"

"दगडाच्या आड."

"दगुड केवढा?"

मी हात वर करून दाखवला.

"मग त्याला लागलं कसं?"

"दगुड सोडून बाहीर आला, अण्णा. मला चुकवून मारायला. उघड्यावर."

अण्णांनी मान हलवली. एकदा फलकाकडं बघितलं.

"त्याला कुणी तसं सांगितलं व्हतं? हुकूम व्हता?"

"न्हाय. हुकूम द्यायला कुणी नव्हतं तिथं."

अण्णा स्टेजवरून उतरले. नवनाथला भित्रा म्हणतोस का, असं ज्यानं मला विचारलं होतं, तो त्यांचा पुतण्या निघाला. त्याला ते म्हणाले, "ती खालची वळ पूस."

पुढारी घाईघाईनं खाली आले. "अण्णा, लोकांच्या भावना आहेत. तालुक्यात सगळीकडं हेच सांगितलंय आपण."

"भावना तुमच्यापाशी ठिवा," अण्णा म्हणाले. "पोरगं माझं हाय. माझं पोरगं बंदुकीपायी मेलं न्हाय."

"मग तिथं दुसरं काय लिहायचं ते तरी सांगा."

"काय न्हाय. मोकळं ठिवा. कुणी इचारलं तर सांगायला आमाला तोंड हाय."

पुतण्यानं शाळेतून काळा रंग आणला आणि सगळ्यांच्या देखत ती ओळ बुजवली. रंग थोडा नावावर गेला. तो त्यानं सदऱ्याच्या टोकानं पुसून काढला.

तेव्हापासून मी दर वर्षी जातो. फलकावर नाव आहे, हुद्दा आहे आणि खाली रिकामी काळी पट्टी. नवीन माणूस आला की विचारतो, इथं काय होतं. मग गिरणीवर दळण घेऊन आलेली बाई सांगते, नाहीतर पारावरचा कोणी सांगतो. मागच्या वेळी शाळेतली चौथीची मुलगी एका साहेबांना सांगत होती. तिनं नवनाथला बघितलेलंही नाही. दगड किती उंच होता ते ती हात वर करून, चवड्यावर उभी राहून दाखवत होती.

मोबाईलवर काय आहे ते मला बदलता येत नाही. माझ्या कॉलेजातल्या मुलांसाठी एवढंच लिहून ठेवतो. लान्स नायक नवनाथ उंद्रे घाबरला नाही आणि त्याची रायफल अडकली नाही. तिच्यातली गोळी उडाली नाही, कारण तिच्या वाटेत मी होतो.